झाकलेला धावफलक

जालन्याच्या मुलांना क्रिकेटमधील कर्णधारपद ही फार दूरची गोष्ट वाटत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी महिन्यात एकोणीस वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत भरली होती. त्या स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व विजय झोल या जालन्याच्या तरुणाकडे होते. उपान्त्यपूर्व सामन्यात इंग्लंडने भारतावर तीन गडी राखून विजय मिळविला आणि भारताची घोडदौड तेथेच थांबली. आपल्या गावचा मुलगा देशाचा कर्णधार झाला याचा आनंद जसा असतो, तसाच निसटत्या पराभवानंतर कर्णधाराच्या मनाला काय वाटत असेल हा विचारही मनात येतो. विजयाचे श्रेय सर्व संघाला मिळते. पराभवाचा जाब मात्र बहुधा एकट्या कर्णधारालाच विचारला जातो.

त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात असा जाब विचारण्याची वेळ पुन्हा आली. भारताचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला होता. नेहमीचे कर्णधार महेंद्रसिंग धोनी यांच्या हाताला दुखापत झाली होती, म्हणून ॲडलेड येथील पहिल्या कसोटी सामन्यात संघाची धुरा विराट कोहली यांच्यावर आली. कसोटी सामन्यात त्यांनी कर्णधार होण्याची ती पहिलीच वेळ होती.

कसोटी सामना पाच दिवस चालतो आणि प्रत्येक संघाला दोन डाव खेळता येतात. या खेळाचे एक वैशिष्ट्य असे की, येथे जय आणि पराजय यांखेरीज तिसराही मार्ग असतो. पाचव्या दिवसाचा खेळ संपला आणि शेवटचा डाव पुरा झाला नाही, तर सामना अनिर्णित राहतो. म्हणून अखेरच्या दिवशी फलंदाजी करणाऱ्या कर्णधारापुढे नेहमी एक पेच उभा राहतो. धावांचा पाठलाग करून विजय मिळविण्याचा प्रयत्न करावा, की यष्टीपुढे पाय रोवून दिवस मावळेपर्यंत टिकून राहावे? पहिल्या मार्गात विजयाची आशा असते आणि पराभवाचे भय असते. दुसऱ्या मार्गात आशाही थोडी आणि भयही थोडे.

ॲडलेडच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ७ बाद ५१७ धावा करून डाव घोषित केला. भारताने ४४४ धावांचे उत्तर दिले. त्यात कोहली यांच्या ११५ धावा होत्या. ऑस्ट्रेलियाने दुसऱ्या डावात ५ बाद २९० धावा केल्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यांचे कर्णधार मायकेल क्लार्क यांनी तेवढ्यावरच डाव घोषित करून भारताला फलंदाजीस पाचारण केले. भारतापुढे ३६४ धावांचे आव्हान होते आणि दिवसभरात सुमारे ९८ षटके खेळावयाची होती.

भारताचे दोन गडी ५७ धावांत बाद झाले. त्यानंतर मुरली विजय आणि कोहली यांची जोडी जमली. दोघांनी मिळून १८५ धावांची भर घातली. चहापानाच्या वेळी भारताच्या २ बाद २०५ धावा झाल्या होत्या. विजयाची चाहूल लागू लागली. परंतु २४२ धावा झाल्या असता विजय ९९ धावांवर बाद झाले आणि चित्र पालटले. नेथन लायन या फिरकी गोलंदाजाने त्या डावात सात गडी बाद केले. शेवटचे आठ गडी अवघ्या ७३ धावांत गेले. कोहली यांनी १४१ धावांची झुंजार खेळी केली, पण तीही अपुरी ठरली. भारताचा डाव ३१५ धावांवर आटोपला. भारत ४८ धावांनी पराभूत झाला.

तो दिवस शनिवार, १३ डिसेंबरचा होता. जालना शहरातील एका शाळेची मुले सकाळची शाळा सुटल्यावर धावतच घरी गेली. काहींना शेवटचे तीनचार गडी बाद होताना पाहावयास मिळाले, काहींच्या कानी केवळ निकाल पडला. सोमवारी शाळा भरली तेव्हा सातवीच्या वर्गात प्रार्थनेपूर्वीच दोन तट पडले होते.

“कोहलींनी सामना हातचा घालविला,” वर्गनायक ठामपणे म्हणाला. “विजय आणि रहाणे पाठोपाठ बाद झाले, तेव्हाच सावध व्हावयास हवे होते. फटके मारण्याचे सोडून टिकून राहिले असते, तर सामना अनिर्णित राहिला असता. पराभवापेक्षा ते काय वाईट?”

“वाईटच!” खिडकीजवळचा मुलगा उसळून म्हणाला. “जिंकावयास गेलेला संघ अनिर्णित सामन्यासाठी दार लावून बसला, तर त्याला खेळ कोण म्हणेल? कोहलींनी परदेशात जाऊन विजयाची इच्छा धरली, यातच त्यांचा मोठेपणा आहे.”

“इच्छेने सामने जिंकता येत नाहीत.”

“आणि भीतीने तरी कोठे येतात?”

आवाज चढत गेला. तेवढ्यात मराठीचे गुरुजी वर्गात आले. मुले गप्प झाली. परंतु गुरुजींनी वादाचा विषय विचारून घेतला आणि ते रागावले नाहीत. ते म्हणाले, “तुमचा वाद चांगला आहे, पण तुम्ही तो शेवटाकडून सुरू केलात. भारत हरला हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून एकाला कर्णधार चुकलेला दिसतो आणि दुसऱ्याला त्याची कड घ्यावीशी वाटते. कर्णधाराला मात्र खेळताना शेवट ठाऊक नव्हता. आपणही तो थोडा वेळ विसरून पाहू.”

त्यांनी एका मुलाकडून वर्तमानपत्र मागून घेतले. त्यातील आकडे पाहून त्यांनी फळ्यावर भारताच्या शेवटच्या डावाचा धावफलक क्रमाने लिहिला. मग एक मोठा कागद घेऊन चहापानानंतरचा सारा भाग झाकला. फळ्यावर फक्त ‘२ बाद २०५’ एवढेच दिसत होते.

“आता तुम्ही सर्व कर्णधार आहात,” गुरुजी म्हणाले. “विजयासाठी आणखी १५९ धावा हव्यात. आठ गडी शिल्लक आहेत. दोन फलंदाज जम बसवून खेळत आहेत. षटकामागे चार-साडेचार धावा काढल्या की काम फत्ते. मात्र खेळपट्टी पाच दिवसांची झाली आहे आणि चेंडू वळू लागला आहे. पाठलाग करणाऱ्यांनी हात वर करावेत.”

क्षणभर विचार करून मुलांनी हात वर केले. गुरुजींनी मोजले. चाळीस मुलांपैकी अडतीस जणांनी पाठलागाच्या बाजूने कौल दिला होता. वर्गनायकाचा हातही वर होता. त्याने तो पाहिला आणि तो किंचित ओशाळला.

गुरुजींनी कागद थोडा खाली सरकविला. ‘४ बाद २४२’ हे आकडे दिसू लागले. एकाच धावसंख्येवर विजय आणि अजिंक्य रहाणे हे दोघे बाद झाले होते. रहाणे यांना एकही धाव काढता आली नव्हती. आता १२२ धावा हव्या होत्या. या वेळी तीस हात वर आले. कागद आणखी खाली आला. ‘५ बाद २७७’. रोहित शर्मा बाद झाले होते, कोहली मात्र खेळत होते आणि ८७ धावा बाकी होत्या. वर्ग जवळजवळ निम्मानिम्म विभागला गेला. त्यानंतर ‘६ बाद २९९’ हे आकडे उघडे झाले. यष्टिरक्षक वृद्धिमान साहा यांनी लायन यांना एक चौकार व एक षटकार मारला होता. परंतु पुन्हा पुढे सरसावून मोठा फटका मारण्याच्या प्रयत्नात ते त्रिफळाचीत झाले. शेवटी ‘७ बाद ३०४’. स्वतः कोहली झेलबाद झाले होते. आता मागे केवळ गोलंदाज उरले होते आणि ६० धावा हव्या होत्या. फक्त दोन हात वर राहिले.

“पाहिलेत ना?” गुरुजी म्हणाले. “सकाळपासून तुम्ही एकाच निर्णयावर भांडत होता, पण निर्णय एक नव्हता. प्रत्येक गडी बाद झाला की कर्णधाराला तोच प्रश्न नव्याने सोडवावा लागत होता. चहापानाच्या वेळी पाठलाग करणे योग्य होते, याबद्दल या वर्गात बहुतेकांचे एकमत आहे. खरा वाद आहे तो ५ बाद २७७ नंतरचा.”

वर्गनायक उठून उभा राहिला. “गुरुजी, तेथे तरी एका फलंदाजाने मारावे आणि दुसऱ्याने टिकावे, असे ठरवावयास हवे होते. साहांनी इतकी घाई करावयास नको होती.”

खिडकीजवळच्या मुलाने थोडा विचार केला. “ते मला पटते,” तो म्हणाला. “पण कोहली खेळत असताना मी पाठलाग सोडला नसता. आव्हान सोडले, की गोलंदाजाच्या भोवती क्षेत्ररक्षक गोळा होतात. मग टिकणेही कठीण होते.”

“दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे,” गुरुजी म्हणाले. “या ठिकाणी जाणत्या माणसांचीही मते भिन्न असू शकतात. आता दुसऱ्या कर्णधाराकडे पाहा. क्लार्क यांनी डाव घोषित केला नसता, तर ऑस्ट्रेलियाला पराभवाचे भय फारसे उरले नसते. पण भारताचे दहा गडी बाद करण्यास वेळही पुरला नसता. विजयासाठी त्यांनीही धोका पत्करला. कोहली आणि विजय आणखी तासभर टिकते, तर आज ऑस्ट्रेलियातील मुले क्लार्क यांना नावे ठेवीत बसली असती!”

मुले हसली. गुरुजींनी मग एक जुनी हकीकत सांगितली. १९६८ साली वेस्ट इंडीजचे कर्णधार गारफील्ड सोबर्स यांनी पोर्ट ऑफ स्पेन येथे इंग्लंडविरुद्ध अवघ्या २ बाद ९२ धावांवर दुसरा डाव घोषित केला आणि इंग्लंडपुढे १६५ मिनिटांत २१५ धावांचे आव्हान ठेवले. इंग्लंडने वेळ संपण्यास तीन मिनिटे उरली असताना सात गडी राखून सामना जिंकला. मालिकेतील इतर सर्व सामने अनिर्णित राहिल्यामुळे त्या एका पराभवाने वेस्ट इंडीजने सारी मालिका गमावली. सोबर्स यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांनी डाव घोषित केला नसता, तर तो सामनाही बहुधा अनिर्णित राहिला असता आणि आज कोणाला आठवलाही नसता.

इतका वेळ मागच्या बाकावरचा एक मुलगा गप्प होता. तो शहराजवळच्या खेड्यातून रोज शाळेत येत असे. त्याने हळूच हात वर केला.

“गुरुजी, क्रिकेटचे नाही, दुसरेच सांगू का?”

“सांग ना.”

“माझे वडील कपाशीची धूळपेरणी करतात. पाऊस यायच्या आधीच कोरड्या रानात सरकी टोबतात. वेळेवर पाऊस आला, तर पीक लवकर उगवते आणि जोमदार येते. गेल्या वर्षी पाऊस वेळेवर आला. आमची कपाशी पाहून सारे गाव म्हणाले, याला शेतीतले कळते. या वर्षीही त्यांनी तेच केले. पण पावसाने ओढ दिली आणि बियाणे मातीतच गेले. आता तेच लोक म्हणतात, याला धीर धरवत नाही. वडील तर दोन्ही वर्षी तेच होते.”

वर्गात शांतता पसरली. जालना हे बियाण्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. बियाण्याच्या पिशवीला किती पैसे पडतात आणि दुबार पेरणी म्हणजे काय, हे तेथील मुलांना सांगावे लागत नाही. २०१४ साली मराठवाड्यात पाऊस उशिरा आला होता आणि पुरेसाही पडला नव्हता. कित्येक घरांत तीच चिंता होती.

गुरुजींनी मृदू आवाजात विचारले, “मग तुझ्या वडिलांनी सारे रान धूळपेरणीने पेरले होते का?”

“नाही, गुरुजी. अर्धेच. अर्धे बियाणे त्यांनी राखून ठेवले होते. पाऊस आल्यावर ते टोबले. त्यामुळे दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागले नाही. उत्पन्न मात्र घटले.”

“शाबास,” गुरुजी म्हणाले. “तुझ्या वडिलांचे काय चुकले आणि काय बरोबर होते, हे तूच आम्हाला सांगितलेस. पाऊस कोणाच्या हाती नसतो, म्हणून पावसासाठी त्यांना दोष देता येणार नाही आणि मागच्या वर्षीच्या पावसासाठी त्यांची वाहवाही करता येणार नाही. वाहवा करावयाची ती राखून ठेवलेल्या अर्ध्या बियाण्याची. धाडस करणाऱ्याने आधी हा विचार केला होता, की डाव फसला तर आपल्या हाती काय उरेल? धाडस आणि अविचार यांत फरक आहे तो एवढाच.”

तो मुलगा खाली बसला. खिडकीजवळचा मुलगा वळून त्याच्याकडे पाहत राहिला. वर्गनायक म्हणाला, “म्हणजे गुरुजी, आमच्यापैकी कोण जिंकले?”

“तुमचा वाद अनिर्णित राहिला,” गुरुजी हसून म्हणाले. “आणि पाहा, अनिर्णित सामनाही काही वाईट नसतो.”

ॲडलेडच्या त्या पराभवानंतर सहा वर्षांनी भारतीय संघ पुन्हा ऑस्ट्रेलियात गेला. १९ डिसेंबर २०२० रोजी त्याच ॲडलेडच्या मैदानावर भारताचा दुसरा डाव केवळ ३६ धावांत संपला. त्यानंतर कोहली घरी परतले आणि संघाचे नेतृत्व अजिंक्य रहाणे यांच्याकडे आले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात जन्मलेले हे तेच रहाणे, जे २०१४ साली ॲडलेडला शेवटच्या डावात एकही धाव न काढता बाद झाले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने मेलबर्नचा सामना जिंकून मालिकेत बरोबरी साधली.

सिडनीच्या पुढील सामन्यात भारतापुढे ४०७ धावांचे आव्हान होते. रहाणे स्वतः चार धावांवर बाद झाले. तेव्हा फटकेबाज ऋषभ पंत यांना वरच्या क्रमांकावर पाठविण्यात आले. त्यांनी ९७ धावा झोडपल्या आणि विजय आवाक्यात आल्यासारखा वाटू लागला. परंतु पंत बाद झाले, मागोमाग चेतेश्वर पुजारा बाद झाले आणि हनुमा विहारी यांच्या पायाचा स्नायू दुखावला. त्या क्षणी पाठलागाचा बेत बाजूला ठेवण्यात आला. विहारी आणि रविचंद्रन अश्विन दिवस संपेपर्यंत यष्टीपुढे उभे राहिले. दुखऱ्या पायाने विहारी १६१ चेंडू खेळले व त्यांनी केवळ २३ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला.

त्यानंतर ब्रिस्बेन येथे अखेरचा सामना रंगला. त्या मैदानावर १९८८ नंतर ऑस्ट्रेलियाचा संघ एकदाही कसोटी सामना हरला नव्हता. भारताचे कित्येक प्रमुख खेळाडू जायबंदी झाले होते. शेवटच्या डावात विजयासाठी ३२८ धावा हव्या होत्या. शुभमन गिल यांनी ९१ धावा केल्या, पुजारांनी अंगावर चेंडूंचे मार सोसत एक बाजू लावून धरली आणि अखेरीस पंत यांनी नाबाद ८९ धावा करून १९ जानेवारी २०२१ रोजी भारताला तीन गडी राखून विजय मिळवून दिला. मालिका भारताने दोन-एक अशी जिंकली.

सिडनीला संघ टिकून राहिला आणि ब्रिस्बेनला त्याने चढाई केली. सिडनीचा संघ भित्रा नव्हता आणि ब्रिस्बेनचा संघ उतावळा नव्हता. दोन्ही ठिकाणी खेळाडूंनी समोरची परिस्थिती पाहिली, आपल्याजवळ काय उरले आहे याचा हिशेब केला आणि मग पाऊल उचलले. सिडनीला पराभव टाळला नसता, तर ब्रिस्बेनच्या विजयाने मालिका जिंकता आली नसती.

खेळात, शेतीत किंवा संसारात निकाल हाती आल्यानंतर शहाणपण सांगणे सर्वांनाच साधते. जो माणूस निकाल ठाऊक नसताना निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारी स्वीकारतो, त्याला बोल लावण्यापूर्वी धावफलकाचा शेवट हाताने झाकून पाहावा. तेवढ्याने मत बदलेलच असे नाही. परंतु ते अधिक न्याय्य होईल.

स्वाध्याय

१. कसोटी सामन्याच्या अखेरच्या दिवशी कर्णधारापुढे कोणता पेच उभा राहतो?

२. गुरुजींनी धावफलक कागदाने का झाकला? प्रत्येक टप्प्यावर मुलांचा कौल कसा बदलत गेला?

३. ‘वडील तर दोन्ही वर्षी तेच होते,’ असे तो मुलगा का म्हणाला?

४. ५ बाद २७७ या धावसंख्येवर तुम्ही कर्णधार असता, तर कोणता निर्णय घेतला असता? कारणे द्या.

५. तुमच्या घरी किंवा गावात घेतलेल्या एखाद्या धाडसी निर्णयाविषयी वडीलधाऱ्या माणसांना विचारा. निर्णय घेताना त्यांना काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते, ते दहा ओळींत लिहा.